मापाची बंदूक : कारागीर की आपला हात?

कोट शिवायला टाकताना आपण शिंप्यासमोर हात पसरून उभे राहतो. वहाणा घ्यायच्या तर चांभारापुढे पाय ठेवतो. पण बंदूक घेताना मात्र दुकानदाराने फळीवरून काढून दिली ती मुकाट्याने घेऊन घरी येतो, आणि नेम चुकला की खापर हातावर, डोळ्यावर, नाहीतर नशिबावर फोडतो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. छर्‍याच्या बंदुकीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडे असते!

बंदूक म्हटली की शिकार आठवते. ती गोष्ट आता संपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील हौशी शिकारीचे युग मिटवले, आणि ते मिटले हे बरेच झाले. तरीही बंदूक घराघरांतून नाहीशी झालेली नाही. कोकणात रानडुकरे आणि वानरे हुसकावण्यासाठी शेतसंरक्षणाचा परवाना घेतलेले शेतकरी आहेत. मातीच्या उडत्या चकत्या फोडणारे ट्रॅप आणि स्कीटचे नेमबाज आहेत. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये. आणि तिसरा वर्ग म्हणजे आजोबांची जुनी दुनळी रीतसर वारशाने ज्यांच्या नावावर झाली अशा मंडळींचा. या तिघांनाही कधी ना कधी एकच प्रश्न पडतो. बंदूक अंगाला बसत नाही. तर ती जाणत्या कारागिराकडून बेतून घ्यावी, की घरीच कानस आणि पटाशी घेऊन बसावे?

उत्तर देण्यापूर्वी, बंदूक अंगाला ‘बसणे’ म्हणजे काय ते पाहू.

रायफलीला पुढे एक माशी आणि मागे एक खाच असते. दोन्ही एका रेषेत आणून आपण नेम धरतो. छर्‍याच्या बंदुकीला पुढची माशी असते, मागे काहीच नसते. मग मागची खाच कुठे आहे? अहो, तुमचा डोळा हीच मागची खाच! चकती ताशी कितीतरी मैलांच्या वेगाने उडालेली असते. नेम धरीत बसायला सवड नसते. बंदूक खांद्याला लागली, गाल दस्त्यावर टेकला, की डोळा आपोआप नळ्यांच्या मधोमध आणि योग्य उंचीवर आला पाहिजे. तो आला की बंदूक बसली. नाही आला की नाही बसली.

आता जरा हिशेब करू. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर साधारण एक वार. समजा, दस्ता तुमच्या गालाला नीट नाही आणि डोळा मधल्या रेषेपासून एक अष्टमांश इंच बाजूला राहिला. एका वारावर एक अष्टमांश इंच, म्हणजे ४० वारांवर पाच इंच. ट्रॅपची चकती सुमारे ११ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार इंचांहूनही लहान असते. चूक गालापाशी गव्हाच्या दाण्याएवढी असते आणि लक्ष्यापाशी चकतीपेक्षा मोठी होते. म्हणून दस्त्याची लांबी, गाल टेकतो त्या कडेची खोली, आणि उजव्या खांद्याच्या माणसासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवणे, ही सगळी मापे महत्त्वाची. मध्यम बांध्याच्या माणसाला चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेचौदा इंचांच्या आसपास लांबी लागते. पण उंच माणसाला, आखूड मानेच्या माणसाला, स्त्रीला, डावखुर्‍याला ती निराळी लागणार. थंडीत जाड कोट घालून बंदूक चालवणार्‍या विलायती माणसाचा दस्ता मलमलीचा सदरा घालणार्‍याला आखूडच वाटायचा!

बेतून बंदूक करण्याची कला जिथे पूर्णत्वाला गेली ती गावे म्हणजे इंग्लंडातील लंडन आणि बर्मिंगहॅम. लंडनला पर्डी यांची पेढी १८१४ साली निघाली, बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स १८१२ सालची. हॉलंड अँड हॉलंड १८३५ सालची. आपल्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांत या नावांच्या बंदुका असत. या पेढ्यांत माप घेण्यासाठी एक खास बंदूक ठेवतात. तिचा दस्ता बिजागरी आणि स्क्रूंवर वरखाली, आतबाहेर, लांबआखूड होतो. गिर्‍हाइकाने ती खांद्याला लावायची, पत्र्याच्या फळीवर चार बार टाकायचे, आणि छर्‍यांचा पट्टा कुठे पडला ते पाहून जाणत्याने स्क्रू फिरवायचा. मग ती मापे कागदावर उतरतात आणि अक्रोडाच्या लाकडाला हात लागतो.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ती बंदूक एक माणूस करीत नाही. नळ्या करणारा वेगळा, नळ्या ज्यावर बसतात तो लोखंडी गाभा घडवणारा वेगळा, चापाची कळ जमवणारा वेगळा, दस्ता कोरणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा आणि शेवटचा हात फिरवणारा वेगळा. एकेकाने आपल्या कामात कैक वर्षे उमेदवारी केलेली. बंदूक हाती यायला महिने नव्हे, वर्षे लागतात. तेव्हा ‘मी हे सगळे घरी करीन’ असे म्हणणार्‍याने आपण एका नव्हे तर सहा जणांच्या जागी उभे राहत आहोत, एवढे तरी मनात आणावे.

पण दुसर्‍या बाजूचेही ऐकून घेतले पाहिजे. अमेरिकेत घरी बंदुकीचे लाकूडकाम करण्याची जुनी हौस आहे. मिसुरी राज्यातील वॉर्सा या छोट्या गावातून बिशप आणि फाजेन या पेढ्या अर्धवट कोरलेले दस्ते टपालाने पाठवीत. गिर्‍हाइकाने घरी आत लोखंड बसेल इतके कोरायचे, कानशीने आकार द्यायचा आणि तेल चढवायचे. कित्येकांनी सुंदर दस्ते केले. त्यांचे म्हणणे असे की, माझा गाल मला ठाऊक, कारागिराला कसा ठाऊक असणार? हे म्हणणे चूक नाही. लाकडाचा एक पापुद्रा काढायचा, बंदूक खांद्याला लावायची, पुन्हा एक पापुद्रा काढायचा, इतका धीर परक्या माणसाला कसा असेल?

तर मग कोणाचे खरे? माझ्या मते प्रश्नच अर्धवट मांडला जातो. बंदूक ही एक वस्तू नव्हे. ती तीन वस्तूंची जोड आहे. लाकूड, नळी आणि कळ. या तिघांचा न्याय निरनिराळा आहे.

लाकडाची चूक दिसते. जास्त तासले गेले तर दस्ता वाया जातो, पैसे जातात, चार दिवस हळहळ वाटते. तरी दस्ता म्हणजे निव्वळ सुतारकाम, असे मात्र समजू नका. बार उडताच लोखंड जोराने मागे येते आणि तो सगळा धक्का लाकडाच्या आतल्या काही मोजक्या टेकणांवर पडतो. ती टेकणे चोख नसतील, एकीकडे फट आणि दुसरीकडे दाब असेल, तर दस्ता मनगटापाशी चिरतो. लाकडाचे रेषे त्या मनगटातून सरळ गेले पाहिजेत, आडवे नव्हे. हे सुतारालाही सांगावे लागते.

नळीची चूक दिसत नाही. ती आत असते, आणि बार उडेपर्यंत गप्प असते. जुन्या दुनळीत पोचा आला, तो घरी घासून काढला, तर बाहेरून नळी गुळगुळीत दिसेल. पण तिथली भिंत कागदासारखी पातळ झाली असेल. तोंडाशी नळी जराशी अरुंद केलेली असते, तिला चोक म्हणतात. पूर्ण चोकच्या १२ बोअर नळीतून ४० वारांवर ३० इंची वर्तुळात शेकडा ७० छर्रे पडावेत, मुळीच चोक नसलेल्या नळीतून शेकडा ४०, असा इंग्रजी ठोकताळा आहे. हा सारा फरक इंचाच्या शंभराव्या हिश्शाच्या मापात असतो. ‘थोडी मोकळी करून पाहू’ म्हणून नळीत हत्यार घालणार्‍याने हे मनात धरावे. शिवाय दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. पुढे किंचित जवळ आणलेल्या असतात, म्हणजे दोन्हींचे छर्रे ४० वारांवर एकाच ठिकाणी पडतात. मधल्या पट्टीचा डाख सुटला आणि घरच्या घरी उष्णता देऊन तो पुन्हा लावला, तर हा सगळा मेळ बिघडतो.

यासाठीच इंग्लंडात नळीची कसोटी राज्याने आपल्या हातात घेतली. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमची परीक्षाशाळा १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने उभी राहिली. तिथे नळीत नेहमीपेक्षा भारी बार भरून उडवतात. टिकली तर शिक्का. फुगली किंवा फुटली तर ती माणसाच्या हाती जायचीच नाही. नळी आतून ठरलेल्या मर्यादेबाहेर रुंदावली तर ती पुन्हा परीक्षेला पाठवावी लागते. चार-चार पिढ्यांच्या पेढीलाही यातून सूट नाही. मग घरच्या पडवीत बसलेल्या माणसाने ती सूट स्वतःच स्वतःला कशी द्यावी?

तिसरी कळ. ती सर्वांत लहान आणि सर्वांत कपटी! ‘चाप जड आहे, जरा हलका करून घेतो’ असे म्हणत कित्येक जण आतल्या खाचेवर कानस फिरवतात. चाप हलका होतो हे खरे. पण बंदूक मिटताना बसणार्‍या हलक्याशा धक्क्यानेही तिचा घोडा सुटू शकतो; किंवा पहिल्या नळीच्या धक्क्याने दुसरी नळी आपोआप उडते. त्या वेळी बंदुकीचे तोंड कुठे असेल, आणि समोर कोण उभे असेल, हे कोणी सांगावे? लाकडाची चूक तुमची असते. नळीची चूक तुमच्या बोटांवर आणि डोळ्यांवर येते. कळीची चूक तर शेजार्‍याला भोवते.

आणि या सगळ्यावर कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवणे, तिचे रूपांतर करणे, तिची दुरुस्ती वा परीक्षा करणे, या प्रत्येकासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. नळी आखूड करायलाही सहाव्या कलमाप्रमाणे परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आणखी एक बारीक गोष्ट. बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा खूण पुसणे हाही गुन्हाच आहे. गंज काढण्याच्या भरात जोराने पॉलिश केले आणि क्रमांक गेला, तर हेतू चांगला होता हे सांगत कोर्टाच्या पायर्‍या चढाव्या लागतील. दस्ता बदलणे हीसुद्धा दुरुस्तीच, असे धरून चालावे आणि परवानेवाल्या माणसाकडेच जावे.

तेव्हा आपल्या देशापुरते उत्तर स्पष्ट आहे : हत्यार कारागिराच्या हातात. मग घरच्या माणसाला काम उरले की नाही? उरले, आणि ते थोडे नाही.

पहिले काम, माप जाणून घेण्याचे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून, आरशासमोर डोळे मिटून ती खांद्याला लावा, मग डोळे उघडा. डोळा नळ्यांच्या मधल्या पट्टीवर आला का? पट्टी फार दिसते की मुळीच दिसत नाही? आठ दिवस रोज पाहा आणि लिहून ठेवा. हे टिपण घेऊन गेलात तर कारागीर तुमच्याकडे निराळ्या नजरेने पाहील.

दुसरे काम निगेचे. नळ्या आतून पुसणे, तेलाचा पातळ हात देणे, दस्त्याला अळशीचे तेल थेंबाथेंबाने चोळणे. कोकणच्या पावसात बंदूक कातडी म्यानात घालून ठेवू नका. कातडे ओल धरते आणि लोखंड खाते.

तिसरे काम ओळखण्याचे. आजोबांच्या बंदुकीच्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते का? दिसत असेल तर त्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून घडवलेल्या असण्याचा संभव आहे. अशा बहुतेक नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी केलेल्या. आजचे काडतूस त्यांत घालण्याआधी जाणत्याचा सल्ला घेतलाच पाहिजे. जुन्या बंदुकीतील काडतुसाचे घर पुष्कळदा अडीच इंचांचे असते आणि आजची बरीच काडतुसे उडाल्यावर पावणेतीन इंच लांब होतात. काडतूस आत बसले म्हणजे ते योग्यच आहे असे नव्हे. आणि २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या जवळपासही ठेवू नका. ते नळीत पुढे सरकून अडकते, मागून १२ बोअरचे बसते, आणि मग नळी फुटल्यावाचून राहत नाही.

आता कारागीर कसा निवडावा? सांगतो.

प्रथम परवाना पाहा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. खरा कारागीर तो स्वतःच दाखवतो. बंदूक ठेवून घेताना नोंदवहीत क्रमांक लिहून पावती देतो की नाही ते पाहा. तोंडी कारभार करणार्‍याकडे बंदूक ठेवूच नये.

मग त्याचे अपुरे काम पाहा. पुरे झालेले काम पॉलिशखाली लपते. अपुरे लपत नाही. लोखंड आणि लाकूड मिळतात तिथे नख फिरवा. नखाला फट लागता कामा नये. स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा चेपलेल्या, फाटलेल्या असतील तर त्या हाताला धीर नाही असे समजा.

तो नळ्यांची परीक्षा कशी करतो तेही पाहा. जाणता माणूस नळ्या सुट्या करून आकड्याला टांगतो आणि टिचकी मारून कान देतो. डाख शाबूत असेल तर नळ्या घंटेसारख्या वाजतात. कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो. मडके वाजवून घेणार्‍या आपल्या बायाबापड्यांना ही विद्या नवीन नाही! मग तो भिंतीची जाडी मापकाने मोजतो. नुसत्या डोळ्याने ‘ठीक आहे’ म्हणणार्‍याचे म्हणणे ठीक नाही.

पुढे, तो तुम्हांला बंदूक खांद्याला लावायला सांगतो का? तुमच्याकडे न पाहता नुसती बंदूक पाहणारा दुरुस्ती करील, बेतणार नाही. दस्ता कापण्यापूर्वी तात्पुरत्या पट्ट्या, गाद्या लावून चार बार टाकून पाहू, असे म्हणणारा मिळाला तर त्याला सोडू नका. कापलेले लाकूड परत चिकटत नाही, हे त्याला कळलेले असते.

आणि सर्वांत मोठी खूण ही, की तो ‘नाही’ म्हणतो का? ‘ही बंदूक आता भिंतीवरच शोभेल, ही मी चालती करणार नाही’ असे सांगून जो स्वतःचे गिर्‍हाईक गमावतो, त्याच्याकडेच दुसरी बंदूक न्यावी. प्रत्येक गोष्टीला ‘होऊन जाईल’ म्हणणारा माणूस लग्नाच्या मांडवात कामाचा, बंदुकीपाशी नाही.

खर्चाचेही बोलले पाहिजे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ असे होऊ देऊ नये. नळ्या उत्तम असतील आणि दस्ता तेवढा बसत नसेल, तर त्यावर खर्च करणे शहाणपणाचे. नळ्याच गेल्या असतील तर नवा दस्ता आणि नक्षी म्हणजे पडक्या घराला रंग. पुष्कळदा एवढेच लागते की, दस्त्याची लांबी पाऊण इंच कमीजास्त करावी आणि गालाशी कड किंचित उचलावी. ते काम थोड्या पैशांत होते आणि माणसाचा नेम सुधारतो. विलायतेहून नवी बंदूक बेतून आणण्याची मुभा तर आज मुख्यतः नामांकित नेमबाजांनाच आहे. तेव्हा आपल्या बहुतेकांना हाती आहे तीच बंदूक शहाणपणाने जुळवून घ्यायची आहे.

हाताने काही करावे ही हौस चांगली. ती मारू नये. कोणाला लाकडाचा नाद असेल तर त्याने बंदूक ठेवायची पेटी करावी, जुन्या फुटक्या दस्त्याच्या लाकडावर तेल चढवून पाहावे, कारागिराच्या दुकानात बाकावर बसून त्याचे हात पाहावेत. मोटार चालवणार्‍याने इंजिन जाणावे, पण ब्रेकवर कानस फिरवू नये, तसेच हे आहे.

येत्या आठवड्यात सवड काढून एवढेच करा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्यांवरचे शिक्के, क्रमांक आणि काडतुसाच्या घराचे माप एका कागदावर उतरवून घ्या, त्याखाली आपल्या खांद्याचे आणि गालाचे टिपण लिहा, आणि परवान्यासह तो कागद घेऊन परवानेवाल्या कारागिराकडे जा. त्याने काही कापण्यापूर्वी तो कागद वाचला, तर माणूस बरोबर सापडला असे समजा. न वाचता पटाशी उचलली, तर नमस्कार करून बंदूक परत घ्या.